कोयत्यांची नोंद आहे, लेकरांची नाही

दसरा-दिवाळी आटोपते न आटोपते तोच बीड जिल्ह्यातील वाड्या-वस्त्यांवर आणि तांड्यांवर घराघराला कुलपे दिसू लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार रचला जातो. पत्र्याची पेटी, भांडीकुंडी, पीठ-मीठ, सरपण, एखादी शेळी आणि या सगळ्याच्या वर बसलेली माणसे. माजलगाव, धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी अशा तालुक्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी सोलापूर-पुण्याकडे, कोणी थेट कर्नाटकातील बेळगाव-बागलकोटपर्यंत. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, उसाच्या फडाशेजारची कोपी हेच त्यांचे घर. मराठवाड्यातील आपल्या वाचकांना हे दृश्य नवे नाही. काहींच्या तर नात्यागोत्यातलीच माणसे या टोळ्यांत असतील.

या स्थलांतराविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मजुरीचे दर, मुकादमाकडून घेतलेली उचल, शाळेपासून तुटलेली मुले हे विषय वारंवार चर्चेला आले. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. मात्र त्या ट्रॉलीतील सर्वांत लहान प्रवासी, आईच्या मांडीवरचे तान्हे बाळ, या साऱ्या चर्चेत मागेच राहिले. त्याच्या आरोग्याचा, आणि तोही आजार झाल्यावरचा नव्हे तर आजार होऊच नये म्हणून करावयाच्या तजविजीचा, विचार येथे करावयाचा आहे.

दोन दिनदर्शिका

आपल्या देशात बालकांचे लसीकरण विनामूल्य होते. १९७८ साली सुरू झालेला आणि १९८५ पासून सार्वत्रिक स्वरूप घेतलेला हा कार्यक्रम आज उपकेंद्रापर्यंत पोहोचलेला आहे. त्याचे वेळापत्रक ठरलेले आहे. जन्मल्याबरोबर क्षयरोगाविरुद्धची बीसीजी, पोलिओचा पहिला थेंब आणि कावीळ-ब ची लस. त्यानंतर सहा, दहा आणि चौदा आठवडे पूर्ण होताच पेंटाव्हॅलंट, पोलिओ आणि रोटाव्हायरस. त्यांच्या जोडीला न्यूमोनियापासून रक्षण करणारी न्यूमोकोकल लस. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाचा पहिला डोस आणि जीवनसत्त्व 'अ'. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांचा वर्धक डोस.

हे वेळापत्रक उत्तम आहे. परंतु ते एक गोष्ट गृहीत धरून चालते: बाळ ज्या गावात जन्मले त्याच गावात ते पहिली दोन वर्षे राहणार. ऊसतोड कुटुंबाची दिनदर्शिका वेगळी आहे. ती कारखान्याच्या भोंग्यावर चालते. या दोन दिनदर्शिका शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे प्रश्नाचे खरे रूप कळते.

समजा, एक बाळ १ जुलै रोजी जन्मले. त्याचे सहा आठवडे १२ ऑगस्टला, दहा आठवडे ९ सप्टेंबरला आणि चौदा आठवडे ७ ऑक्टोबरला पूर्ण होतात. टोळी निघण्यापूर्वी त्याचे तिन्ही डोस गावातच पुरे होतात. नऊ महिने १ एप्रिलला भरतात, म्हणजे परतीच्या सुमारास. हे बाळ भाग्यवान म्हणायचे. आता दुसरे बाळ १ ऑक्टोबरला जन्मले असे समजू. त्याचे सहा आठवडे १२ नोव्हेंबरला, दहा आठवडे १० डिसेंबरला आणि चौदा आठवडे ७ जानेवारीला भरतात. तिन्ही तारखा ऐन हंगामातील, तिन्ही वेळा बाळ फडावर. तिसरे बाळ जानेवारीच्या अखेरीस, कदाचित कोपीतच, जन्मले. जन्मवेळच्या लसी चुकण्याचा धोका त्याला पहिला. पुढे त्याचे नऊ महिने ऑक्टोबरच्या अखेरीस भरतात, म्हणजे नेमके पुन्हा ट्रॉली भरण्याच्या दिवसांत. गोवराचा डोस नऊ महिन्यांच्या आधी देता येत नाही आणि नऊ महिने पूर्ण होतात तेव्हा कुटुंब घराबाहेर पडलेले असते.

एकाच गावातली, एकाच परिस्थितीतली ही तीन बालके. आई-वडिलांची माया सारखीच, आशाताईचे कष्ट सारखेच. तरीही कोणते मूल सुरक्षित राहणार हे जन्माच्या महिन्यावर ठरते. या अन्यायात कोणाचा दुष्ट हेतू नाही, आणि म्हणूनच तो कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

चुकलेला प्रत्येक डोस सारख्याच किमतीचा नसतो, हेही समजून घ्यावयास हवे. गोवर-रुबेलाची लस राहून गेली असल्यास पाच वर्षांपर्यंत देता येते. परंतु पेंटाव्हॅलंट आणि रोटाव्हायरस या लसींची सुरुवात पहिला वाढदिवस होण्यापूर्वी झालीच पाहिजे, असा राष्ट्रीय कार्यक्रमाचा नियम आहे. एकदा सुरुवात झाली की उरलेले डोस पुढे पूर्ण करता येतात. मालिका पहिल्यापासून पुन्हा सुरू करावी लागत नाही. म्हणून "एक डोस चुकला, आता काय उपयोग" असे म्हणून कार्ड फेकून देणारे कुटुंब नकळत मुलाचे दुहेरी नुकसान करते.

दोष आईचा?

अशा वेळी सोपे उत्तर तयार असते: आई-वडील अडाणी आहेत, निष्काळजी आहेत. हे उत्तर देणाऱ्यांनी कोपीतला एक दिवस डोळ्यांसमोर आणावा. पहाटे चारला, कधी त्याही आधी, नवरा-बायको फडात उतरतात. टोळीच्या भाषेत हे जोडपे म्हणजे एक 'कोयता'. तोडणी, मोळ्या बांधणे, डोक्यावरून वाहून गाडी भरणे. यात दिवस मावळतो. एखाद्या दिवशी कामावर गैरहजर राहिल्यास 'खाडा' धरला जातो आणि त्याची रक्कम उचलीच्या हिशेबात कापली जाते. लसीसाठी अनोळखी गावातले केंद्र शोधत जायचे म्हणजे एक खाडा. लस दिल्यावर बाळाला एक-दोन दिवस ताप आला, त्याला उराशी धरून बसावे लागले, म्हणजे आणखी एक खाडा. लसीनंतरचा सौम्य ताप हा अपेक्षितच असतो आणि त्यावर साधे औषध पुरते, हे कोणी समजावून सांगितलेले नसेल तर ती आई पुढच्या डोसला कशी येईल?

आणि ती आली तरी तिला परत पाठविले जाण्याची शक्यता असते. त्यामागेही एक तांत्रिक कारण आहे. बीसीजी आणि गोवर-रुबेला या लसींची कुपी अनेक डोसांची असते. पूड द्रवात मिसळल्यावर ती चार तासांच्या आत वापरावी लागते. उरलेली फेकून द्यावी लागते. एका बाळासाठी कुपी उघडली तर बाकीची वाया जाईल, म्हणून परिचारिका सांगते, "पुढच्या लसीकरणाच्या दिवशी या." गावात राहणाऱ्या आईला हे चालते. ऊसतोड करणाऱ्या आईची टोळी पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच शिवारात असते. पेंटाव्हॅलंट, पोलिओ आणि न्यूमोकोकल लसींच्या बाबतीत तर ही अडचणही नाही. योग्य थंडाव्यात ठेवलेली उघडी कुपी चार आठवड्यांपर्यंत वापरता येते. तेव्हा या लसींसाठी आलेल्या बाळाला परत पाठविण्याचे कारण नाही. आणि गोवराच्या बाबतीत एका मुलाचे रक्षण अधिक मोलाचे की कुपीतले उरलेले डोस, याचे उत्तर वेगळे द्यावयास नको.

लसीकरणाखेरीजची काळजीही फडावर अवघड होते. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, हा बालआरोग्याचा पहिला धडा. परंतु आई फडात आणि बाळ कोपीशी, सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. त्या बहिणीची शाळा सुटते ती याच कारणाने. पाणी कालव्याचे किंवा शेतातल्या विहिरीचे, शौचालय नाही, हात धुण्याची सोय नाही. जुलाब लागल्यास जलसंजीवनी आणि चौदा दिवस झिंकच्या गोळ्या हा साधा, स्वस्त उपाय आहे. पण तो हाताशी असावयास हवा. गावात असताना आशाताई बाळाच्या तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तिमाहीला घरी येते, वजन पाहते, वरचा आहार समजावते. २०१८ पासून देशभर सुरू झालेल्या या गृहभेटींची साखळी घराला कुलूप लागले की तुटते.

गेलेली आणि आलेली

माजलगावच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. सिंदफणा नदीवरील माजलगाव धरण हे जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याचा भाग. त्याच्या पाण्यामुळे परिसरात ऊस उभा राहिला आणि तेलगावसारख्या ठिकाणी साखर कारखानदारी आली. म्हणजे ज्या तालुक्यातून मजूर बाहेर जातात त्याच परिसरात इतर तालुक्यांतून आणि शेजारच्या जिल्ह्यांतून टोळ्या येतातही. येथील आरोग्य कर्मचाऱ्यांपुढे त्यामुळे दोन प्रकारची बालके आहेत: गेलेली आणि आलेली.

गेलेल्या बालकांची नावे आशाताईच्या नोंदवहीत आहेत, परंतु ती बालके समोर नाहीत. आलेली बालके समोर आहेत, परंतु त्यांची नावे कोणत्याच नोंदवहीत नाहीत. गेलेल्या मुलापुढे 'स्थलांतरित' असा शेरा पडतो आणि जबाबदारी संपते. आलेले मूल 'आपल्या गावचे नाही' म्हणून जबाबदारी सुरूच होत नाही. एका शेऱ्याने ते एका गावातून वगळले जाते आणि दुसऱ्या गावात कधी धरलेच जात नाही. मोठमोठ्या आकड्यांतही हे मूल हरवते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात एक ते दोन वर्षे वयाच्या बालकांमधील पूर्ण लसीकरणाचे प्रमाण २०१५-१६ मध्ये सुमारे ५६ टक्के होते, ते २०१९-२१ च्या पाहणीत सुमारे ७३ टक्क्यांवर आले. ही प्रगती नाकारण्याचे कारण नाही. पण कुलूप लावलेल्या घरी प्रश्न विचारणार कोणाला?

गोवर कोणाला शोधतो

ही चिंता अनाठायी नाही, हे २०२२ च्या अखेरीस आलेल्या गोवराच्या साथीने दाखवून दिले. मुंबईत गोवंडीच्या दाट वस्तीत आणि त्यापाठोपाठ मालेगाव, भिवंडी येथे गोवर पसरला, बालके दगावली. कोविडच्या काळात नियमित लसीकरण विस्कळीत झाले होते आणि ज्यांचे डोस चुकले त्यांच्यातच ही साथ शिरली. त्या वर्षी साथीच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना एक जादा डोस देण्याचा विचार करावा, अशी सूचना केंद्र शासनाला राज्यांना करावी लागली.

गोवर हा हवेतून पसरणारा, अत्यंत संसर्गजन्य रोग आहे. समाजात संरक्षण नसेल तर एक रुग्ण बारा ते अठरा जणांना तो देऊ शकतो. म्हणूनच त्याला रोखण्यासाठी सुमारे ९५ टक्के बालके संरक्षित असावी लागतात. सरासरी चांगली असून भागत नाही. असंरक्षित मुले एकाच ठिकाणी गोळा झाली की रोग त्यांना बरोबर शोधून काढतो. कारखान्याच्या आवारातील शेकडो कोप्या म्हणजे अशीच एक जागा. गोवरानंतर मुलाची रोगप्रतिकारशक्ती काही काळ खालावते. जुलाब, न्यूमोनिया आणि कुपोषण पाठोपाठ येतात. पट्टा पडल्यावर तीच मुले दहा दिशांना दहा गावी परततात. तेव्हा हा प्रश्न 'त्यांचा' राहात नाही.

शेजारचा धडा

उपाय शोधण्यासाठी फार लांब जावयास नको. बीड जिल्ह्याच्या सीमेला लागून जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने वेल्लोरला वैद्यकीय शिक्षण घेतले, काही वर्षे मिशनच्या रुग्णालयात काम केले आणि तेथे त्यांच्या लक्षात आले की दारात येणाऱ्या रुग्णांपैकी बहुतेकांचे आजार मुळात टाळता येण्याजोगे होते. १९७० साली ते जामखेडला आले. त्यांनी रुग्णालयाइतकाच भर गावातल्या बायकांवर दिला. अनेकदा निरक्षर, दलित समाजातल्या, अशा स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. संस्थेच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये त्या परिसरात हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. १९९३ पर्यंत हे प्रमाण १९ वर आले. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने हाच मार्ग नवजात बालकांसाठी चोखाळला. गावातल्या प्रशिक्षित स्त्रीने घरी जाऊन काळजी घेतल्यास नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी होऊ शकतात, हे त्यांनी १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले. पुढे आशाताईंच्या गृहभेटी याच अनुभवावर उभ्या राहिल्या.

दुसरा धडा पोलिओचा. त्या मोहिमेने आईला केंद्रावर बोलावून वाट पाहिली नाही. थेंब घेऊन माणसे बसस्थानकावर, रेल्वेत, वीटभट्टीवर, बांधकामांवर गेली. भटक्यांच्या पालांची यादी झाली. देशातील पोलिओचा अखेरचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. जामखेडने शिकविले की काळजी घेणारी व्यक्ती लोकांतलीच असावी. पोलिओने शिकविले की जेथे मूल, तेथे लस गेली पाहिजे. माजलगावच्या लेकरांसाठी या दोन्ही धड्यांची सांगड घालणे एवढेच उरले आहे.

काय करता येईल

पहिली गोष्ट निघण्यापूर्वीची. गर्भाशय शस्त्रक्रियांच्या प्रकरणानंतर बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या महिलांची हंगामापूर्वी व हंगामानंतर आरोग्य तपासणी होऊ लागली आहे. त्याच वेळी, त्याच टेबलावर, तिच्या दोन वर्षांखालील मुलाचे कार्ड पाहिले जावे. जे डोस देय आहेत ते तेथेच द्यावेत आणि हंगामात येणाऱ्या डोसांच्या तारखा कार्डावर ठळक लिहून द्याव्यात. २०२३ मध्ये 'इंद्रधनुष्य' मोहिमेच्या फेऱ्या ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये झाल्या होत्या. ऊसतोडीच्या पट्ट्यासाठी हेच महिने मोलाचे आहेत.

दुसरी गोष्ट मुकादमाच्या वहीची. टोळीत कोयते किती, कोणाला उचल किती, याची नोंद त्या वहीत पैशापैशाने असते. त्याच यादीत पाच वर्षांखालील मुलांसाठी एक रकाना वाढवावा आणि ती यादी टोळी पोहोचताच कारखान्याने जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यावी. यास खर्च जवळजवळ शून्य आहे. आलेल्या मुलाला नाव मिळेल, आणि ज्याला नाव आहे त्याची जबाबदारी टाळता येत नाही.

तिसरी गोष्ट फडावरची. महिन्यातून एकदा, मजूर परतल्यानंतर म्हणजे सायंकाळी, कोप्यांच्या वस्तीवरच लसीकरण सत्र व्हावे. अनेक मुले एकत्र आली की कुपी वाया जाण्याची भीतीही उरत नाही, आणि त्या दिवशी खाडाही पडत नाही. टोळीतीलच एका स्त्रीला जलसंजीवनी, झिंक आणि तापाचे औषध यांची माहिती व साठा दिल्यास जामखेडचा धडा फडापर्यंत पोहोचेल.

चौथी गोष्ट कार्डाची. देशातील कोणत्याही शासकीय केंद्रात कोणत्याही बालकास लस मिळते. त्यासाठी त्या गावचा रहिवासी असावे लागत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झालेल्या 'यू-विन' या संगणकीय व्यवस्थेत नोंद असल्यास दुसऱ्या जिल्ह्यातही मागील डोस पाहता येतात. तरीही फडावर मोबाइलचे जाळे असेलच असे नाही. म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डासोबत ठेवावे आणि त्याचे छायाचित्र मोबाइलमध्ये काढून ठेवावे.

आपल्यापैकी प्रत्येकाला यातले काही ना काही करता येण्यासारखे आहे. शिक्षक, परिचारिका, दवाखान्यात सेवा करणाऱ्या धर्मभगिनी, महिला मंडळाच्या सभासद यांनी आपल्या गावातून यंदा कोणती कुटुंबे निघणार आणि त्यांच्यात दोन वर्षांखालील मुले किती, एवढी यादी जरी दसऱ्यापूर्वी केली आणि ती आशाताईच्या हाती दिली, तरी पुष्कळ काम होईल. आणि जे वाचक ऊस पिकविणाऱ्या भागात राहतात त्यांनी आपल्या शिवारात उतरलेल्या टोळीकडे एकदा जाऊन यावे. मुलाच्या बाप्तिस्म्याचा दाखला आपण जन्मभर जपून ठेवतो. कोठेही गेलो तरी त्याची नोंद एका वहीत कायम असते आणि मागितल्यावर मिळते. लसीकरणाच्या कार्डाला तेवढाच मान दिला तर बिघडणार नाही.

चहाच्या प्रत्येक पेल्यात जी साखर आपण ढवळतो ती कोणाच्या तरी पहाटेच्या श्रमाची आहे. त्या श्रमाचे मोल वाढवून देणे एकट्या वाचकाच्या हाती नसेल. परंतु त्या श्रमाच्या पाठीवर बांधलेल्या बाळाला गोवर होऊ नये, जुलाबाने ते कोमेजू नये, यासाठी लागणारी लस, औषध आणि माणसे आपल्याकडे आज आहेत. उणीव आहे ती फक्त एका नोंदीची. ती या हंगामाच्या आधी व्हावी.